शिक्षा संपली, मत शाबूत

हर्सूल मध्यवर्ती कारागृहातून सुटलेल्या माणसाला मतदानाचा हक्क परत मिळवण्यासाठी कोर्टकचेरी करावी लागत नाही. कायदा काय सांगतो?

● तुरुंगात असताना : लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 62(5) नुसार तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मतदान करता येत नाही. दोषी ठरलेला कैदी आणि खटला सुरू असलेला कच्चा कैदी, दोघांनाही हा नियम सारखाच. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये तो वैध ठरवला.

● अपवाद : प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्ती टपाली मतदान करू शकते.

● जामिनावर किंवा सुटकेनंतर : गुन्हा खुनाचा असला, तरी मतदान करता येते. मात्र लाच देणे, तोतयेगिरी अशा निवडणूक गुन्ह्यांत दोषी ठरल्यास सहा वर्षे मतदानबंदी.

● उमेदवारी वेगळी : दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाल्यास सुटकेनंतरही सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही.

● परदेशात : अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतो. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत कैदीही मतदान करतात.

● काय करावे : केवळ तुरुंगवासामुळे यादीतले नाव जात नाही, पण घर बदलल्याने किंवा पडताळणीत ते वगळले गेले असू शकते. नाव नसेल तर नमुना 6, पत्ता बदलला असेल तर नमुना 8 भरा. चौकशीसाठी मतदार हेल्पलाइन 1950. मतदानाच्या दिवसाची वाट न पाहता यादी आजच तपासा.