गेंगाणा स्वर आणि आकड्याची साक्ष

मूल नाकात बोलते, शाळेत चिडवतात, ही तक्रार बालरोगतज्ज्ञाला नवी नाही. परंतु बोलणे किती सुधारले, हे सांगताना पालकांचा आणि माझाही कान सवयीने फसतो. येथे नेझोमीटर उपयोगी पडतो. वरच्या ओठावर टेकवलेल्या पट्टीच्या वर आणि खाली एकेक मायक्रोफोन असतो. एकूण ध्वनिऊर्जेपैकी नाकावाटे आलेला हिस्सा संगणक टक्क्यांत सांगतो. 'काका, पाटी काढ' यात अनुनासिक वर्ण नाही; तरीही आकडा चढाच राहिला, तर मृदू टाळू नाकाची वाट नीट बंद करीत नाही, अशी शंका घ्यावी.

हे प्रमाण भाषेगणिक बदलते. आपल्या इंदुरातील मुले घरी मराठी, शाळेत हिंदी बोलतात; म्हणून तुलनेसाठी दरवेळी त्याच भाषेतील तीच वाक्ये घ्यावीत.

आकडा मात्र कारण सांगत नाही. पडजीभ दुभंगलेली दिसली, तर आवरणाखाली टाळूची फट लपलेली असू शकते. अशा मुलाचे ॲडिनॉइड काढल्यास गेंगाणेपणा वाढण्याचा धोका असतो. म्हणून सहकाऱ्यांना विनंती, की शस्त्रक्रियेचा सल्ला देण्यापूर्वी पडजीभ पाहावी आणि वाणीतज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.