ऑर्गन आधी आखाड्यात, मग देवळात

चर्च म्हटलं की ऑर्गन आलाच. पण हे वाद्य जन्मलं अलेक्झांड्रियात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, आणि रोमन लोक ते वाजवायचे कुठं? जिथं ग्लॅडिएटर एकमेकांना भोसकायचे, त्या आखाड्यात! असल्या वाद्याला देवळात जागा मिळायला हजारभर वर्षं लागली, यात नवल नाही.

रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर आजही उपासना निव्वळ गळ्यावर चालते. झुरिचचा धर्मसुधारक झ्विंगली स्वतः कसलेला वादक. तरी १५२०च्या दशकात त्याच्याच काळात तिथल्या देवळांतले ऑर्गन मुके झाले. इथिओपियाची तऱ्हा उलटी. तासन्‌तास उभं राहायचं म्हणून टेकायला काठी असते, तीच ठेक्याला वापरतात. जोडीला गळ्यात मोठा ढोल, हातात खुळखुळणारं सिस्ट्रम. पावलं अशी पडतात की आपल्या दिंडीतली पावलीच आठवावी.

माझा लाडका ऑर्गन मात्र फिलिपीन्समधल्या लास पिन्यासचा. दिएगो सेरा या पाद्रीबुवांनी १८१६ मध्ये तो करायला घेतला, तोही बांबूचा! कीड लागू नये म्हणून बांबू आधी वर्षभर समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले. १८२४ मध्ये काम पुरं झालं. एकूण १,०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या. वाद्य अजून वाजतं.

मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, या ख्रिस्ती संस्थेचा बँड निघाला तो मारामारीपायी. १८७८ साली इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत रस्त्यावरच्या प्रवचनांत गुंड धुडगूस घालायचे. चार्ल्स फ्राय नावाचा बांधकामवाला तीन मुलांसह राखणीला उभा राहिला. येताना पितळी वाद्यं घेऊन आला, आणि तीच भाव खाऊन गेली.

राहिली आपली पेटी. पॅरिसच्या दबँनं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. खुर्चीवर बसायचं आणि पायानं भाता मारायचा. ऑर्गन न परवडणाऱ्या लहान चर्चची चांगली सोय झाली. मिशनऱ्यांनी ती हिंदुस्थानात आणली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता हातावर घेतला, आणि पेटी भजनात जाऊन बसली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग-कीर्तन आणलं. आता नगरकडच्या ख्रिस्ती भजनात टाळ, तबला आणि पेटी एकत्र ऐकू येतात. खुर्चीवरून निघालेली लेक माहेरी परतली ती मांडी घालून.