पेशींनाही आपली जमीन लागते

शरीराबाहेर पेशी वाढवायच्या म्हटले की पोषक द्रवाने भरलेली बशी डोळ्यांसमोर येते. पण पेशी कशावर बसल्या आहेत, यावरही त्यांचे वागणे ठरते. आपल्या हैदराबादेत याच गोष्टीचा उपयोग करून अनेकांना दृष्टी परत मिळाली आहे, म्हणून हा विषय आम्ही निवडला.

प्रयोगशाळेतली बशी बहुधा पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची असते. साध्या पॉलिस्टायरीनवर पाणी पसरत नाही आणि बहुतेक पेशीही नीट चिकटत नाहीत. म्हणून कारखान्यातच तिच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करतात. मग द्रवातली प्रथिने त्यावर बसतात आणि त्यांना धरून पेशी पसरतात. तरीही प्लास्टिक शरीरापेक्षा फारच कठीण. अमेरिकेतील एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर चेतापेशींकडे, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूपेशींकडे आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींकडे झुकतात. पोषण तेच, बदलला तो आधार.

आता डोळ्याकडे वळू. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. त्याचा वरचा थर सतत झिजतो. तो भरून काढणाऱ्या मूळ पेशी कॉर्नियाच्या कडेला असतात. चुना किंवा ॲसिड डोळ्यात गेले की त्या मरतात, कॉर्नियावर रक्तवाहिन्या चढतात आणि दिसेनासे होते.

बंजारा हिल्सवरील एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत रुग्णाच्या निरोगी डोळ्याच्या कडेचा छोटासा तुकडा घेऊन पेशी वाढवल्या जाऊ लागल्या. त्यासाठी वापरला तो गर्भाभोवतीच्या आवरणाचा आतला पातळ पापुद्रा. सिझेरियननंतर तो दानात मिळतो. प्लास्टिकवर वाढलेला थर सोडवून काढावा लागतो. इथे पेशी पापुद्र्यासकटच डोळ्यावर बसवता येतात.

पुढचे पाऊल याच संस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडले. पापुद्रा थेट डोळ्यावर लावायचा आणि त्यावर तुकड्याचे बारीक कण चिकटवायचे. पेशी तिथेच वाढतात. योग्य जमीन मिळाल्यावर महागड्या प्रयोगशाळेचीही गरज उरली नाही.

मात्र यासाठी दुसरा डोळा निरोगी असावा लागतो. म्हणून पान-तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हाती लागू देऊ नये, ही आमची विनंती. डोळ्यात चुना गेलाच तर तो चोळू नका. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे जा.