प्रयोग कोणाचा?

बालवैज्ञानिक स्पर्धांचे निकाल लागले की सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदके मिळविणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात. ती पाहून कोणाही सुजाण नागरिकास आनंद व्हावा हे साहजिक होय. आम्हांसही तो होतो. बृहन्मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने १९८१ साली डॉ. होमी भाभा यांच्या नावे सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांकरिता स्पर्धा सुरू केली. तिच्यात केवळ लेखी परीक्षेवर न थांबता प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत यांना स्थान दिले, ही त्या शिक्षकांची दूरदृष्टीच म्हटली पाहिजे. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेनेही दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना आपल्याच परिसरातील प्रश्न शोधावयास सांगितले.

असा प्रश्न शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. चाळीतील सार्वजनिक नळ सेकंदास एक थेंब गळत असेल, तर दिवसाकाठी ८६,४०० थेंब होतात. मोजपात्राखाली थेंब धरून वीस थेंबांचा एक मिलिलिटर भरतो असे मुलाने पाहिले, की त्या एका नळातून रोज सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षास दीड हजार लिटरांवर पाणी वाया जाते, हे त्याचे त्यालाच उमगते. मग रात्री नळास दाब अधिक असतो काय, थेंबाचा आकार बदलतो काय, आपले गणित कोठे चुकले, अशा शंका एकीतून दुसरी निघू लागतात. त्या शंका हेच त्याचे खरे संशोधन.

परंतु प्रदर्शनाच्या टेबलावर दिसते ते पुष्कळदा निराळेच. लखलखते दिवे, सुबक थर्मोकोल, छापील तक्ते आणि घडाघडा पाठ म्हटलेली माहिती! पालक रात्री जागून प्रतिकृती उभारतात. तयार प्रकल्प विकणारी दुकाने आणि पदकाची हमी देणारे शिकवणीवर्गही निघाले आहेत. (बक्षीस वडिलांस द्यावे की मुलास, असा पेच एखाद्या परीक्षकास पडला तर नवल नाही.) या थाटापुढे महापालिकेच्या शाळेतील मुलाची शाईचे डाग पडलेली नोंदवही फिकी पडते, आणि हा अन्याय त्या मुलापुरताच राहत नाही, मोजण्यापेक्षा मिरविणे श्रेष्ठ, असा धडा सारा वर्ग शिकून बसतो.

यावर उपाय अवघड नाही. प्रतिकृतीच्या देखणेपणास गुण देऊ नयेत. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली, फसलेल्या प्रयत्नांसह तारीखवार नोंदवही पाहिल्याशिवाय परीक्षकांनी मुलाखतच घेऊ नये. शाळाचालकांनी प्रयोगशाळा शाळा सुटल्यावर तासभर उघडी ठेवावी. आणि त्या तासाकरिता थांबणाऱ्या शिक्षकास मोबदला मिळाला पाहिजे, हेही येथेच स्पष्टपणे नमूद करून ठेवतो.