पुरवणीपत्राचें बंधन

करारनामा म्हटला म्हणजे कलमांनीं भरलेला एक जाडजूड दस्तऐवज आपल्या डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेंतील विमानकंपन्या व त्यांचे वैमानिक यांच्यामधील करारनामा तसाच असतो. वेतन, ज्येष्ठता, कामाचे तास, विश्रांति हें सारें त्यांत नमूद असतें. परंतु त्याच्या शेवटीं कांहीं पत्रें जोडलेलीं आढळतात, आणि त्यांतील एखादें पत्र मूळ कलमासहि मागें सारतें. हें सामर्थ्य त्याला कोठून येतें, तें आज पाहूं.

दोन करारांच्या मधल्या काळांत नव्या जातीचें विमान येतें, दुसरी कंपनी विलीन होते, किंवा तिजोरींत खडखडाट होतो. अशा वेळीं सारा करार पुन्हां न उघडतां तेवढ्याच प्रश्नापुरता समझोता करितात. त्याला तिकडे ‘लेटर ऑफ ॲग्रीमेंट’ म्हणतात. आपण पुरवणीपत्र म्हणूं.

एखाद्या अधिकाऱ्याचें तोंडी आश्वासन म्हणजे पुरवणीपत्र नव्हे. त्यावर उभय पक्षांच्या अधिकृत प्रतिनिधींच्या सह्या लागतात. १९३१ सालीं स्थापन झालेल्या ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ या संघांत स्वतः संघाध्यक्ष सही करितो. शिवाय त्या कंपनींतील वैमानिकांच्या निर्वाचित मंडळाची संमति लागते. प्रश्न मोठा असल्यास सर्व सभासदांचें मतदान होतें. शेवटीं, हें पत्र मूळ कराराचा भाग असून त्याच्याबरोबरच चालेल, असें वाक्य त्यांत घालतात.

हें वाक्य साधें दिसतें, पण त्याच्या पाठीशीं कायदा आहे. १९२६ सालचा ‘रेल्वे लेबर ॲक्ट’ १९३६ सालीं विमानकंपन्यांस लागू झाला. या कायद्याखालीं कराराची तारीख उलटली तरी करार संपत नाहीं. तो केवळ दुरुस्तीस खुला होतो. वाटाघाटी व सरकारी मध्यस्थी यांचे टप्पे पुरे होईपर्यंत जुन्या अटी चालूच राहतात. अर्थात् ज्या पत्रांत स्वतंत्र मुदत घातलेली नाहीं, तेंहि करारासंगें जगतें. त्याच्या अर्थाविषयीं तंटा झाल्यास उभय पक्षांच्या प्रतिनिधींचें मंडळ, व तेथें एकमत न झाल्यास त्रयस्थ पंच, निकाल देतो. तो दोघांसहि बंधनकारक असतो.

याचें मोल डेल्टा कंपनीच्या वैमानिकांस चांगलें ठाऊक आहे. दिवाळें टळावें म्हणून २००४ सालीं त्यांनीं मतदानानें ४६ व्या क्रमांकाचें पुरवणीपत्र मान्य केलें. त्यानें वेतन ३२.५ टक्क्यांनीं उतरलें. तरीहि सप्टेंबर २००५ मध्यें कंपनीनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतलाच. दिवाळें टळलें नाहीं म्हणून सोडलेलें वेतन परत आलें नाहीं. उलट २००६ सालीं आणखी १४ टक्क्यांची कपात पत्करावी लागली.

म्हणून असें पत्र हातीं आलें असतां त्याची लांबी पाहूं नये. सही कोणाची, संमति कोणाची, मुदत कोणती आणि पुढील करारांत त्याचें काय होणार, हें आधीं पाहावें. अडचण तात्पुरती असली तरी मुदत लिहिलेली नसेल, तर तिच्यासाठीं केलेलें पत्र तात्पुरतें ठरत नाहीं.