पणजीचा शोध

घरोघरच्या वंशावळींत पुरुषांच्या पिढ्या अखंड उतरलेल्या असतात. परंतु जिने तो वंश उदरात वाहिला, त्या पणजीचे नाव, विवाहसमयी माहेरचे नाव बदलण्याच्या रूढीमुळे, तेथे क्वचितच आढळते. तथापि जिज्ञासूने निराश होऊ नये. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफाराच्या नोंदींत पतीच्या पश्चात विधवेचे नाव वारस म्हणून लागलेले असते, कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या तिथी सापडतात आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस गेलेल्या कुटुंबाच्या कित्येक पिढ्या नोंदलेल्या असतात. या तारखांशेजारी १८९६ चा प्लेग, १८९९-१९०० चा दुष्काळ व १९१८ चा इन्फ्लुएंझा मांडून पाहिले, म्हणजे एकाच घरातील लागोपाठच्या मृत्यूंचा अर्थ उलगडू लागतो. परंतु तिच्या अंतःकरणाचा ठाव दप्तरांत नव्हे, जात्यावरच्या ओव्यांत लागतो. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून संकलित केलेल्या अशा लाखाहून अधिक ओव्यांमध्ये माहेर, बंधू आणि कष्ट यांचे जे दर्शन घडते, ते कोणत्याही सरकारी कागदात नाही. म्हणून घरातील वृद्धांच्या स्मृती शाबूत आहेत तोवर त्यांना विचारावे आणि वंशावळीत पणजीचे नाव, तिच्या माहेरच्या गावासह, अवश्य लिहावे.