नांदेड–लातूर परिसरातील अल्पकालीन पर्यटन

नांदेड–लातूर परिसरातील अल्पकालीन पर्यटन म्हणजे मराठवाड्यातील या दोन लगतच्या जिल्ह्यांत मित्रमंडळींनी किंवा लहान गटांनी दोन-तीन दिवसांत केलेली स्थलदर्शनाची सहल होय. गोदावरीकाठचे नांदेड शहर, कंधार, औसा व उदगीर येथील भुईकोट किल्ले, खरोसा येथील लेणी आणि लातूरची गंजगोलाई ही या सहलीतील प्रमुख ठिकाणे आहेत. नांदेडला देशभरातून भाविक येत असले, तरी त्यांपैकी बहुतेकांचा प्रवास गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाने पूर्ण होतो. दोन-तीन तासांच्या अंतरावरील ऐतिहासिक स्थळे त्यामुळे पर्यटनाच्या प्रवाहाबाहेर राहिली आहेत.

युरोपात स्वस्त विमानसेवेमुळे शनिवार-रविवारची शहरसहल रूढ झाली. बार्सिलोनासारख्या स्पेनच्या किनारी शहरात तिचा भार इतका वाढला की जुलै २०२४ मध्ये तेथील रहिवाशांनी पर्यटकांच्या गर्दीविरुद्ध मोर्चा काढला. नांदेड–लातूरची अडचण नेमकी उलट आहे. येथे गर्दी एकाच शहरात आणि काही ठरावीक दिवशी होते. उर्वरित स्थळांना राखण करण्यापुरतेही पर्यटक लाभत नाहीत.

== नांदेड ==
शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेड येथे निधन झाले. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या जागी महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात आज दिसणारी वास्तू उभारली. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब या नावाने ती ओळखली जाते आणि शिखांच्या पाच तख्तांमध्ये तिची गणना होते. माधोदास बैरागी यास गुरू गोविंदसिंगांची भेट येथेच घडली. तोच पुढे बंदासिंग बहादूर म्हणून प्रसिद्धीस आला. बंदाघाट व नगीनाघाट हे गोदावरीवरील घाट या काळाच्या स्मृतींशी जोडलेले आहेत.

गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८ मध्ये शहरातील रस्ते, घाट व विमानतळ यांची कामे झाली. यात्रीनिवास आणि लंगर यांमुळे अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय होते. अशी सोय परिसरातील अन्य कोणत्याही स्थळी नाही. सहलीचा मुक्काम नांदेडला ठेवून इतर ठिकाणे एका दिवसात पाहून परतण्याचा प्रघात त्यामुळेच पडला आहे. नदीकाठी असलेला नंदगिरी किल्ला मात्र शहरातच असूनही अनेकांच्या पाहण्यातून सुटतो.

== कंधार ==
नांदेडच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेले कंधार हे या सहलीतील सर्वांत समृद्ध ठिकाण म्हणावे लागेल. राष्ट्रकूट राजांच्या बिरुदांत कंधारपुराचा निर्देश येतो. तिसरा कृष्ण (इ.स. ९३९–९६७) याच्या काळातील येथील शिलालेखात मंदिरांसह जगत्तुंग समुद्र या जलाशयाचा उल्लेख आहे. जलाशयाला ‘समुद्र’ म्हणण्याची ही पद्धत किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या कोरड्या प्रदेशात विशेष अर्थपूर्ण ठरते. गावाजवळ क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे भग्न अवशेष सापडले आहेत. केवळ पावलाच्या आकारावरूनही मूळ मूर्तीच्या भव्यतेची कल्पना येते.

कंधारचा भुईकोट किल्ला रुंद खंदकाने वेढलेला आहे. बहामनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम अशा सत्तांच्या अमलाखाली तो राहिला. तटबंदीत व आतील इमारतींत निरनिराळ्या काळांतील बांधकामे दिसतात. घाईने एका तासात पाहून होणारी ही वास्तू नव्हे.

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळेगाव हे खंडोबाचे स्थान आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून तेथे भरणारी यात्रा घोडे, उंट व गाढवे यांच्या बाजारासाठी, तसेच लोककला आणि कुस्त्यांसाठी ख्यात आहे.

== लातूर, औसा व खरोसा ==
लातूर शहराच्या मध्यभागी असलेली गंजगोलाई ही १९१७ मध्ये बांधलेली दुमजली वर्तुळाकार वास्तू आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मध्ये अंबाबाईचे मंदिर, भोवती बाजारपेठ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सुमारे १६ रस्ते अशी तिची रचना आहे. पाहण्याचे स्थळ म्हणून वेगळी न राखता रोजच्या व्यापारासाठी वापरात राहिल्यामुळेच ती जिवंत आहे. गर्दी आणि फलक यांनी तिचा मूळ आकार झाकला जातो, तोही त्याच कारणाने.

लातूरपासून सुमारे २० किलोमीटरवरील औसा येथील किल्ला सखल जागी बांधलेला आहे. भोवतालची जमीन उंच असल्याने तो दुरून सहसा दिसत नाही, परंतु त्याच्या उंच बुरुजावरून दूरवरून येणारे सैन्य दिसत असे. उंच डोंगरावरील किल्ल्यांची सवय असलेल्या पर्यटकास ही संरक्षणाची कल्पना वेगळी वाटते.

औसा तालुक्यातील खरोसा येथे सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली लेणी आहेत. त्यांत शैव व वैष्णव शिल्पे आढळतात. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची पाहणी करून वर्णन प्रसिद्ध केले. वेरूळची लेणी कठीण बेसाल्टमध्ये, तर खरोशाची लेणी जांभ्या खडकात आहेत. सच्छिद्र जांभ्यात पाणी मुरते, पृष्ठभाग सुटत जातो आणि शिल्पांचे चेहरे, हात व अलंकार पुसट होतात. येथील अनेक आकृती आज केवळ उंचवट्यांवरून ओळखाव्या लागतात. ही झीज उलटवता येत नाही. पाण्याचा निचरा आणि शिल्पांना हात न लावण्याची शिस्त एवढेच त्यावरचे व्यवहार्य उपाय उरतात.

== उदगीर ==
उदगीरचा किल्ला ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईमुळे सर्वज्ञात आहे. सदाशिवरावभाऊ पेशवे यांच्या सैन्याने निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना या वेळी मराठ्यांच्या बाजूस होता. निजामाची फौज उदगीरहून औसा–धारूरच्या दिशेने सरकत असताना प्रत्यक्ष झुंज झाली. लढाईला उदगीरचे नाव असले तरी सारा संग्राम किल्ल्यातच घडला, हा समज त्यामुळे बरोबर नाही. तहात निजामाने सुमारे ६० लाखांचा मुलूख दिला. या विजयानंतर अवघ्या वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतचा पराभव झाला. उदगीर व औसा ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहिल्यास मोहिमेचा भूगोल नकाशाशिवायही ध्यानात येतो.

== हंगाम ==
उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि किल्ल्यांत सावली थोडी असते. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत अनुकूल होय. याच दिवसांत ज्वारीचा हुरडा येतो आणि मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या साजरी होते. बोलीत तिला येळवस म्हणतात. कर्नाटकातील एळ्ळ अमावास्येशी तिचे नाते आहे. त्या दिवशी लातूर शहरातील बाजार ओस पडतो आणि शहरातील माणसे नातेवाईक व मित्रांसह शेतावर जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा करून भज्जी, आंबील, उंडे व खीर यांचे जेवण होते. शेत नसलेल्यासही आग्रहाने बोलावले जाते. बाहेरून आलेल्या पर्यटकाची मात्र त्या दिवशी हॉटेले व दुकाने बंद असल्याने गैरसोय होऊ शकते.

पाण्याचा प्रश्न येथे हंगामाइतकाच महत्त्वाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचवले. एकेकाळी बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी ज्या मार्गाने लातूरला येत असे, त्याच मार्गाने हे पाणी आले. अवर्षणाच्या वर्षी निवासव्यवस्था वाढवणे म्हणजे टँकरच्या पाण्यात वाटेकरी वाढवणे होय, ही गोष्ट पर्यटनविकासाच्या चर्चेत क्वचितच विचारात घेतली जाते.

== प्रवास ==
नांदेड हे सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावरील मोठे स्थानक असून सचखंड एक्सप्रेसने ते अमृतसरशी जोडलेले आहे. एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतून नांदेड–हैदराबाद विमानसेवा सुरू झाली. येथील विमानसेवा मात्र सलग राहिलेली नाही. नांदेड व लातूर यांच्यात थेट लोहमार्ग नाही. रेल्वेने परभणी, परळी व लातूर रोड असा वळसा पडतो. रस्त्याने हे अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. एस.टी. बस मुख्य गावांपर्यंत पोहोचते, परंतु एकाच दिवशी औसा आणि खरोसा पाहून परतायचे असल्यास वाहन ठरवून घ्यावे लागते. चार-पाच जणांनी खर्च वाटून घेतल्यास ते परवडते, एकट्या प्रवाशास जड जाते. म्हणून ही स्थळे पाहणाऱ्यांत मित्रांचे गट आणि शाळांच्या सहली अधिक दिसतात.